संग्रहालयाच्या छतावर सोलर चढवण्याआधी: चांदूर रेल्वेच्या उन्हातला हिशेब

वऱ्हाडातल्या जुन्या आंबेडकरी घरात एखादी लोखंडी पेटी हमखास सापडते. तिच्यात समता सैनिक दलाचा गणवेश, कुठल्याशा परिषदेची पत्रकं, 'जनता'चे पिवळे पडलेले अंक, कडा झिजलेला एखादा फोटो असतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या पिढीची नातवंडं आज स्वतः म्हातारी झाली आहेत. त्यांच्यानंतर ही पेटी रद्दीवाल्याकडे जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी लहानसं संग्रहालय असावं, ही मागणी रास्त आहे. चांदूर रेल्वेसारखं गाव त्याला सोयीचं. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं ठिकाण, आसपासच्या खेड्यांतून माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. पलीकडे वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथं डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातून या मुलखाचा प्राचीन इतिहास उजेडात आला. मोठी संग्रहालयं नागपूर-पुण्यात आहेतच. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टंकलेखन यंत्रासह वापरातल्या वस्तूंचा ठेवा आहे, पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. पण चांदुरातल्या आजोबांच्या पेटीला तिथं जागा मिळणार नाही, आणि मिळू नये असंही मला वाटतं. ती इथली वस्तू आहे.

अशा संग्रहालयाची बैठक बसली की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतोच, "वर सोलर टाकून देऊ, बिलाची कटकटच नको." मी वीजकामातला माणूस असल्यामुळं सगळे माझ्याकडं पाहतात. सोलर हवं, यात वाद नाही. पण हे वाक्य पहिलं नव्हे, शेवटून दुसरं यायला हवं. त्याआधी विचारायला हवं की आत ठेवलेल्या वस्तूंना काय लागतं, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी लागतं.

वस्तूला काय लागतं

घराला वीज माणसांसाठी लागते. संग्रहालयाला ती माणसांसाठी थोडी आणि वस्तूंसाठी जास्त लागते, आणि वस्तू सुटीच्या दिवशीही आतच असतात. कापड आणि कागद यांचे शत्रू तीन. एक, प्रकाश, त्यातही अतिनील किरण. दोन, ओल. तीन, वारंवार होणारा बदल: आज कोरडं, उद्या दमट, परवा पुन्हा कोरडं. कागद ओल पिऊन फुगतो, वाळला की आकसतो, आणि असं शंभर वेळा झालं की घडीवर तुटतो.

जगभरची संग्रहालयं कापड आणि कागदावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. ५० लक्स म्हणजे मंद दिव्याची खोली. चांदुरातलं दुपारचं उघडं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. म्हणजे गणवेशाच्या कपाटावर झगझगीत दिवे लावणं ही वस्तूची हानी आहे आणि विजेचीही. इथं वस्तूचं हित आणि बिलाचं हित एकच निघतं.

हवेचं पूर्वी फार कडक सांगितलं जाई: बाराही महिने २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता, त्यात जरा हलायचं नाही. त्यासाठी चोवीस तास वातानुकूलन लागे. आता मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांनीच ही अट सैल केली आहे. बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते, फक्त एका दिवसात आर्द्रतेचा चढउतार दहा टक्क्यांहून जास्त नको. कारण उघड आहे. यंत्रांवर आणि विजेवर होणारा खर्च संग्रहालयांना परवडेना, आणि धरतीलाही परवडेना.

आता चांदूरचं हवामान डोळ्यासमोर आणा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर गार ओल लागते, पेटीतल्या कागदाला वास येतो. आपल्या लोकांना काळजी उन्हाळ्याची वाटते, कारण घाम आपल्याला येतो. कागदाला खरा धोका पावसाळ्यात आहे. आर्द्रता सत्तरीच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. उन्हाळ्यात मदतीला धावणारा कूलरही संग्रहालयात नको. तो हवेत पाणी सोडतो, सुरू असताना आर्द्रता एकदम चढते आणि बंद केला की एकदम उतरते. माणसाला सुख, कागदाला ताप.

त्यामुळं पहिलं काम फुकटात होण्यासारखं आहे. काही शे रुपयांचा तापमान-आर्द्रता मापक आणा आणि इमारतीत, पेट्या ठेवायच्या त्या खोलीत, वर्षभर सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. एका ऐवजी तीन पोरांनी पाळी लावली तर खंड पडत नाही. ही वही हाती असल्याशिवाय कुठल्याही कंपनीशी बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वही नसेल तर यंत्राचा आकार विकणारा ठरवतो.

विजेआधी भिंती

नागपूरचं अजब बंगला म्हणून ओळखलं जाणारं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. तेव्हा घरोघरी वीज नव्हती. जाड भिंती, उंच छत, खोल व्हरांडे हीच त्या काळची यंत्रणा. आपल्याकडची धाब्याची घरं याच तत्त्वावर उभी होती. हातभर मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. अजिंठ्याची चित्रं डोंगराच्या पोटात दीड हजार वर्षं टिकली. तिथं आज काळजी आहे ती माणसांच्या श्वासाची, दिव्यांची आणि धुराची, म्हणून खासगी गाड्या लांब फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात.

आपली आजची समाजभवनं मात्र पातळ विटेची, वर उघडा स्लॅब किंवा टिनपत्रा, आणि पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या अशी असतात. त्यात पेट्या ठेवून मग एसी लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. स्लॅबला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग, पश्चिमेच्या खिडक्या बंद करून तिथं कपाटांची रांग, दाराशी लहानशी दुहेरी दाराची जागा आणि मुख्य म्हणजे पेट्यांची खोली इमारतीच्या मधोमध, जिच्या भिंतींना बाहेरचं ऊन लागतच नाही. एवढ्यानं गरज किती उतरते ते वहीतच दिसेल.

कपाटाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि कपाट घट्ट बंद होणारं असलं तर आख्खी खोली कोरडी करण्याची गरज उरत नाही. आपल्या आज्या कपड्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवत. कसरीला ते आजही चालतं, फक्त पाला कापडाला थेट लागू देऊ नये, डाग पडतो.

आता आकडे

समजा दोन दालनं, एक पेट्यांची खोली आणि एक लहान कार्यालय आहे. ९ वॅटचे २० एलईडी दिवे सात तास चालले तर रोज सव्वा युनिट. ३० वॅटचे कमी विजेचे सहा पंखे सात तास, तेही सव्वा युनिट. सीसीटीव्ही आणि त्याचं रेकॉर्डर मिळून ८० वॅट धरा, पण ते चोवीस तास, म्हणजे जवळपास दोन युनिट. माहितीचा पडदा आणि संगणक एक युनिटभर, पाण्याची मोटर अर्धा युनिट. बेरीज सहा युनिट. पावसाळ्याचे चार महिने पेट्यांच्या खोलीत हवेतली ओल ओढणारं ५०० वॅटचं यंत्र बारा तास चालवलं तर आणखी सहा. म्हणजे सर्वांत जड दिवशी बारा युनिट.

आता त्याच इमारतीत दोन्ही दालनांना दीड टनी एसी लावून ते चोवीस तास चालवा. एका एसीचे तासाला सरासरी एक युनिट धरलं तरी दिवसाचे ४८ युनिट झाले. एकूण ५४.

आपल्या भागात एक किलोवॅटचं सोलर वर्षाची सरासरी धरली तर रोज सुमारे चार युनिट देतं आणि त्याला छतावर शंभर चौरस फूट जागा लागते. पहिल्या इमारतीला ३ किलोवॅट आणि ३०० चौरस फूट पुरतं. दुसरीला साडेतेरा किलोवॅट आणि १,३५० चौरस फूट हवं. किलोवॅटला साठ हजार रुपये धरले तर एकीकडे १ लाख ८० हजार, दुसरीकडे आठ लाखांच्या वर. वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या संस्थेसाठी हा फरक एका वर्षाचा नाही, एका पिढीचा आहे. आणि आठ लाख खर्चून वाचवलेल्या विजेतली बरीचशी वीज मुळात लागायलाच नको होती.

अजून एक गोम आहे. पॅनलवर लिहिलेली ताकद २५ अंशाला मोजलेली असते. मे महिन्यात चांदुरात पॅनलची काच आणि आतल्या पट्ट्या ७० अंशाला पोचतात, आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. हिशेब करा, सोळा टक्के गेले. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे अर्धंच खरं आहे. पॅनल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळायला हातभर जागा ठेवली तर पॅनल थोडं थंड राहतं, आणि खालच्या खोलीला सावली फुकट मिळते.

बाकीचे पर्याय

पवनचक्कीचा आग्रह तरुणांत असतो, कारण ती फिरताना दिसते. पण वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणं वाढते-घटते. वेग निम्मा झाला तर वीज एक अष्टमांश उरते. म्हणूनच महाराष्ट्रात पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला दिसतात. चांदूरच्या सपाट मुलखात, घरांच्या आणि झाडांच्या आडोशात, छतावरची छोटी चक्की वर्षातले बरेच महिने नुसती शोभेला उभी राहील. शिवाय तिचे हादरे स्लॅबमधून कपाटांपर्यंत येतात. सोडून द्या.

गोबर गॅसला एक घनमीटरसाठी पंचवीस किलो शेण रोज लागतं आणि त्यातून दीड-दोन युनिटच वीज निघते. जयंतीच्या भोजनदानाला, चुलीवर, तो उत्तम. दिवे लावायला नको. पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्या जाळून वीज करण्याची यंत्रं आहेत, आपल्याकडं माल भरपूर आहे, पण धूर आणि काजळी कागदाच्या शेजारी कोण आणणार?

जमिनीखाली नळ्या पुरून त्यातून गार हवा आत घ्यायची ही कल्पना मला स्वतःला फार आवडली होती. दहा-बारा फुटांखाली जमीन बारमाही २७-२८ अंशांच्या आसपास असते. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून फाटते. नळ्यांचे सांधे किती दिवस टिकतील? आणि पावसाळ्यातली दमट हवा त्या गार नळीत गेली की पाणी सुटतं, बुरशी धरते आणि तीच हवा पेट्यांच्या खोलीत येते. मुरमाड जमिनीवरच्या शाळेला ही युक्ती चालेल. इथं नाही.

राहतं ते सोलर.

सोलर लावताना

सर्वांत मोठा गैरसमज असा की सोलर असलं की लाइन गेली तरी वीज राहते. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर महावितरणची लाइन गेली की त्याच क्षणी बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता सुद्धा. हा दोष नाही, खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी केलेली सोय आहे. पण रात्री लाइन गेली की कॅमेरे बंद, आणि पेट्यांना राखण नाही. त्यामुळं बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, आणि बॅटरी फक्त राखणीपुरती. कॅमेरे रात्रीच्या चौदा तासांत सव्वा युनिटही खात नाहीत, थोडे दिवे धरले तरी चार-पाच युनिटांची लिथियम बॅटरी पुष्कळ झाली. सगळी इमारत बॅटरीवर चालवण्याचा मोह टाळा. आणि बॅटरी पेट्यांच्या खोलीत किंवा तिच्या भिंतीला लागून कधीही नको.

आगीची भीती मी उगाच घालत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय जळालं. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या रिओचं राष्ट्रीय संग्रहालय एका रात्रीत राख झालं. तिथल्या पोलिसांच्या तपासात आगीची सुरुवात सभागृहातल्या एसीपासून झाल्याचं निघालं. एसी जितके कमी, तितकं बरं म्हणण्याचं हेही एक कारण. जुन्या वायरिंगवर नवं सोलर चढवू नका, आधी वायरिंग बदला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. तडित्रोधकाशिवाय वऱ्हाडात छतावर काही उभं करू नये.

आगीइतकाच पाण्याचा धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयानं हौसेनं पॅनल बसवले. बसवणाऱ्यानं स्लॅबला भोकं पाडून खांब ठोकले. पहिल्या पावसाळ्यात पाणी झिरपलं ते बरोबर जुन्या अंकांच्या कपाटावर. वीज मस्त येत होती. भोकं न पाडता सिमेंटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, मात्र स्लॅबला तेवढं वजन झेपतं का हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावं लागतं. वादळवाऱ्यात हलके ठोकळे सरकतात, म्हणून हा हिशेब अंदाजानं करू नये.

इमारतीच्या आकाराचंही बोललं पाहिजे. आपल्याला स्तूप हवा असतो, आणि का नसावा? दीक्षाभूमीचा १२० फुटी स्तूप पाहिल्यावर प्रत्येक गावाला तसं वाटतं. पण घुमटावर पॅनल बसत नाहीत, आणि बसवले तरी स्तूपाचं रूप जातं. मध्य प्रदेशातल्या सांचीला २०२३ मध्ये देशातलं पहिलं सौर शहर म्हणून जाहीर केलं. तिथला ३ मेगावॅटचा प्रकल्प नागौरीच्या टेकडीवर आहे, स्तूपाच्या टेकडीवर नाही. चांदुरात पॅनल कार्यालयाच्या सपाट छतावर किंवा सायकल-मोटारसायकलच्या शेडवर घ्या. तोंड दक्षिणेला, उतार वीस-एकवीस अंश, कारण आपण साधारण त्याच अक्षांशावर आहोत.

पैशाचं आता थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि बैठकीत ते गृहीत धरलं जातं. ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. संस्थेच्या संग्रहालयाचा हिशेब अनुदान शून्य धरूनच मांडावा. विजेचा दरही बिलावर कुठला वर्ग लिहिला आहे त्यावर ठरतो. प्रार्थनास्थळाला घरगुती दर लागतो, पण त्याच आवारातला सभागृहाचा भाग भाड्यानं दिला तर तो व्यापारी दरात जातो. विहाराच्या खोलीत संग्रहालय आणि वरच्या हॉलमध्ये लग्नं, असं असेल तर मीटर वेगळी ठेवा. शंका महावितरणच्या कार्यालयातून लेखी उत्तर घेऊन मिटवावी. महाऊर्जाचं विभागीय कार्यालय अमरावतीतच आहे, तिथं चौकशीला पैसे पडत नाहीत.

नेट मीटरिंग मात्र आपल्या हवामानाला जमणारं आहे. जास्तीचे युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे ओढले जातात. वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात जमा झालेले युनिट जुलै-ऑगस्टमध्ये ओल ओढणाऱ्या यंत्राला वापरता येतात. मात्र अशा नियमांचे आदेश बदलत राहतात, करारावर सही करण्याच्या आठवड्यात चालू आदेश पाहावा.

३ किलोवॅट वर्षाला सुमारे ४,३०० युनिट देईल. युनिटला दहा रुपये धरले तर ४३ हजार वाचले, चार-सव्वाचार वर्षांत मुद्दल निघालं. पण पॅनल पंचवीस वर्षं चालतं आणि इन्व्हर्टर आठ-दहा वर्षं. वाचलेल्या पैशातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. नाहीतर दहाव्या वर्षी इन्व्हर्टर जळतो आणि पुन्हा वर्गणीची पावती छापावी लागते. देणगीदाराचं नाव पॅनलवर लिहिण्याची हौस असेल तर इन्व्हर्टर बदलण्याच्या खात्याला नाव द्या असं मी सुचवून पाहिलं आहे. अजून कुणी तयार झालेलं नाही.

राहिली धुण्याची गोष्ट. कापसाच्या हंगामात तंतू आणि धूळ पॅनलवर बसते, वानरं येऊन जातात. दर पंधरवड्याला पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं धुवावं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचं क्षारी पाणी पांढरे डाग सोडतं, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी वापरलेलं बरं. आणि छतावर जायला पक्का जिना आणि वर एक नळ हवा. कंपनीच्या कोटेशनमध्ये हा जिना आणि हा नळ कधीच नसतो, तो आपणच लिहून घ्यायचा.